टीव्हीवरच्या यमराजाला कात्री कोण लावतं?

तासगाव तालुक्यातल्या एका हौशी नाट्यग्रुपने प्रश्न पाठवला आहे. त्यांनी स्थानिक केबल चॅनेलसाठी वीसेक मिनिटांचं प्रहसन केलंय. यमराज आणि चित्रगुप्त एका बुवाला न्यायला गावात येतात. बुवा द्राक्षबागायतदारांना गारपीट अडवण्याचा अंगारा विकतो आणि पैसे न देणाऱ्याच्या बागेवर गारा पाडण्याची धमकीही देतो. पुढे उरुसात गंडेदोरे विकणारा एक बाबा या बुवाचा धंद्यातला भागीदार निघतो. शूटिंग पाहून चॅनेलचे मालक म्हणाले, "सेन्सॉरला चालणार नाही. यम काढा, बुवाची भगवी कफनी काढा, आणि तो उरुसातला तर अजिबात नको." त्यात कुठल्याशा संघटनेचा फोन आला, दाखवलंत तर गुन्हा दाखल करू. ग्रुप विचारतो: टीव्हीला सेन्सॉर असतं का? पोलीस कार्यक्रम बंद पाडू शकतात का? आणि तमाशाच्या तंबूत देवादिकांची एवढी थट्टा पिढ्यान्‌पिढ्या चालली, ती पडद्यावर का चालत नाही?

मी सांगलीत वकिली करतो. नाट्यसंस्थांची आणि केबलवाल्यांची अशी प्रकरणं बरीच वर्षं हाताळतोय, आणि राज्य नाट्य स्पर्धेसाठी तोंडाला रंगही लावलेला आहे. त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. टीव्हीच्या कार्यक्रमाला आधी पाहून शिक्का मारणारं सेन्सॉर नाही. सिनेमाला आहे, १९५२ च्या कायद्याखालचं प्रमाणन मंडळ. महाराष्ट्रात नाटकालाही आहे, रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ. म्हणजे हेच प्रहसन तुम्ही भावे नाट्यमंदिरात केलं असतं तर आधी संहिता पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागलं असतं. टीव्हीसाठी ती पायरीच नाही. तेव्हा मालकांनी "सेन्सॉर" म्हटलं ते स्वतःलाच म्हटलं. यात त्यांना हसण्यासारखं काही नाही. देशातल्या मोठ्या वाहिन्यांतही कात्री अशीच आतल्या आत चालते, फक्त तिथे त्या कामाला स्वतंत्र खातं असतं आणि वातानुकूलित खोली असते.

आधी तपासणी नसली तरी नियम आहेत. केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स कायदा १९९५ चा, त्याचे नियम १९९४ चे (आधी अध्यादेश निघाला, त्याखाली नियम झाले, कायदा मागाहून आला, म्हणून हा उलटा क्रम). नियम ६ म्हणजे कार्यक्रम संहिता. धर्मांवर किंवा समाजांवर हल्ला करणारं, धार्मिक गटांबद्दल तुच्छता दाखवणारं, जातीय वृत्ती वाढवणारं काही दाखवू नये, असं ती म्हणते. नीट वाचा. थट्टा, विडंबन, उपहास यांवर तिथे बंदी नाही. बंदी हल्ल्यावर आणि तुच्छतेवर आहे. पण थट्टा संपून तुच्छता कुठे सुरू होते हे संहिता सांगत नाही, आणि ही रेघ मोकळी सोडल्यामुळेच सगळा खेळ होतो.

मोठ्या उपग्रह वाहिनीविरुद्ध तक्रार असेल तर २०२१ पासून तीन पायऱ्या आहेत. आधी वाहिनी, मग वाहिन्यांची स्वनियंत्रण संस्था, मग केंद्र सरकारची समिती. वाहिनीला २४ तासांत पोच द्यावी लागते आणि १५ दिवसांत निकाल. ही यंत्रणा मला बरी वाटते, कारण तिथे लेखी कारणं द्यावी लागतात. तुमचं प्रकरण मात्र केबलच्या स्थानिक चॅनेलचं, म्हणून जिल्ह्यातच राहील. कायद्याच्या कलम १९ प्रमाणे एखादा कार्यक्रम धर्म-जातीवरून वैर वाढवेल किंवा शांतता बिघडवेल असं वाटलं, तर तो थांबवण्याचा आदेश 'प्राधिकृत अधिकारी' देऊ शकतो. हा अधिकारी म्हणजे जिल्हाधिकारी, प्रांत किंवा पोलीस आयुक्त. सांगली-साताऱ्यात पोलीस आयुक्तालय नाही, पोलीस अधीक्षक असतात. तेव्हा उरले जिल्हाधिकारी आणि प्रांत. ठाण्याच्या निरीक्षकाला या कायद्याखाली तुमचा कार्यक्रम बंद करता येत नाही.

प्रत्यक्षात ठाण्यातून नोटीस येते. पूर्वी तिला सगळे "एकशे एकोणपन्नासची" म्हणायचे. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६८ लागतं, पण मजकूर तोच: आपल्या कृत्यामुळे कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण झाल्यास आपणास जबाबदार धरण्यात येईल. ही बंदी नव्हे, ताकीद आहे. पण मालक ती दोन बोटांत धरून माझ्याकडे आणतात आणि म्हणतात, "सायेब, आपल्याला काय, भीक नको पण कुत्रं आवर." तिथेच कार्यक्रम मरतो. कुणी आदेश दिलेला नसतो, अपील करायला कागद नसतो, आणि उद्या विचारलं तर कुणीच काही बंद केलेलं नसतं. म्हणून माझा पहिला सल्ला नेहमी एकच: तोंडी सांगितलं तर नम्रपणे लेखी मागा. "कोणत्या कलमाखाली, कोणता संवाद, एवढं लिहून द्यावं, आम्ही लगेच पालन करू." लेखी आदेशाला उच्च न्यायालयात आव्हान देता येतं. फोनला कसं देणार?

आता गुन्ह्याचं. धमकीत सांगितलं जाणारं कलम जुनं २९५अ, म्हणजे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं २९९. तीन वर्षांपर्यंत शिक्षा, दखलपात्र, अजामीनपात्र. ऐकून घाम फुटतो, पण कलम वाचलं की थोडा सुकतो. 'हेतुपुरस्सर आणि दुष्ट इराद्याने' एखाद्या वर्गाच्या धर्माचा किंवा धर्मश्रद्धांचा अपमान केलेला असला पाहिजे. १९२७ साली लाहोरच्या एका पुस्तिकेच्या खटल्यात आरोपी सुटला, त्यावरून उठलेल्या वादळात हे कलम जन्मलं. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये रामजीलाल मोदी प्रकरणात ते वैध ठरवलं, पण त्याच निकालात हेही सांगितलं की नकळत, बेपर्वाईने किंवा दुष्ट हेतूशिवाय झालेला अपमान यात बसत नाही. एका मासिकाने महेंद्रसिंग धोनीला विष्णूच्या रूपात मुखपृष्ठावर छापलं होतं, ते प्रकरण २०१७ मध्ये याच आधारावर रद्द झालं. शिवाय या कलमाखाली न्यायालयाला दखल घ्यायची तर आधी सरकारची मंजुरी लागते. हे नागरिक सुरक्षा संहितेचं कलम २१७, पूर्वीचं १९६. ही मंजुरी न घेताच दोषारोपपत्र आलेलं मी पाहिलंय. तुमच्या वकिलांना पहिल्याच तारखेला ते तपासायला सांगा.

मंजुरी मात्र दखल घेण्यासाठी लागते, गुन्हा नोंदवायला आणि अटक करायला नाही. खरा काटा इथे आहे. जानेवारी २०१६ मध्ये हिंदी टीव्हीवरचा विनोदी नट किकू शारदा याला हरियाणा पोलिसांनी मुंबईत येऊन अटक केली. त्याने डेरा सच्चा सौदाच्या गुरमीत राम रहीमची नक्कल केली होती. अनुयायांच्या धार्मिक भावना दुखावल्या अशी फिर्याद, कलम तेच २९५अ. पुढे ऑगस्ट २०१७ मध्ये त्याच बाबाला बलात्काराच्या दोन गुन्ह्यांत वीस वर्षांची शिक्षा झाली. नटाला जामीन मिळाला, पण जायचा तो संदेश घरोघरी गेला. तेव्हापासून ज्या बाबाच्या मागे गर्दी आहे त्याची नक्कल लिहिताना लेखकाचा हात थबकतो, आणि ज्याच्या मागे कुणी नाही असा कोपऱ्यावरचा गरीब ज्योतिषी प्रत्येक प्रहसनात मार खातो. मला याचा जास्त राग येतो.

मार्च २०२५ मध्ये इम्रान प्रतापगढी यांच्या कवितेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना एक गोष्ट बजावली. तीन ते सात वर्षांपर्यंत शिक्षेचा, बोलण्या-लिहिण्याशी संबंधित गुन्हा असेल तर एफआयआर नोंदवण्याआधी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) प्रमाणे उपअधीक्षकांच्या परवानगीने प्राथमिक चौकशी करणं योग्य, आणि ती १४ दिवसांत संपवायची. या निकालाची प्रत चॅनेलच्या ऑफिसात असू द्या. कुणी फिर्याद घेऊन ठाण्यात गेलं तर तुमच्यातल्या एखाद्याने संपूर्ण प्रहसन पेनड्राइव्हवर आणि संहिता कागदावर घेऊन आपणहून जावं, चौकशीची लेखी विनंती करावी. आणि एफआयआर रद्द करून घ्यायची वेळ आलीच, तर आता मुंबईच्या खेपा नाहीत. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं फिरतं खंडपीठ (सर्किट बेंच) बसतं, सांगली-सातारा त्याच्याच हद्दीत येतात. कोर्टकचेरीत माणूस मोडतो तो निकालाने नव्हे, तारखांनी आणि प्रवासाने. त्या दृष्टीने हा बदल मला कुठल्याही निकालाइतकाच मोठा वाटतो.

अधिकाऱ्यांच्या बाजूनेही एक सांगायला हवं. २००९ च्या गणेशोत्सवात मिरजेत अफजलखानवधाच्या चित्राच्या फलकावरून दंगल पेटली, ती सांगली-इचलकरंजीपर्यंत गेली, संचारबंदी लागली. सप्टेंबर २०२३ मध्ये खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत सोशल मीडियावरच्या आक्षेपार्ह मजकुरावरून जमाव प्रार्थनास्थळावर चालून गेला आणि एक माणूस जिवानिशी गेला. हे ज्याने पाहिलंय तो अधिकारी तुमचा यमराज पाहून हसणार नाही, आधी बंदोबस्त किती लागेल ते मोजेल. त्याला भित्रा म्हणणं सोपं आहे, मी म्हणत नाही. पण कायदा त्याच्याकडून जे मागतो ते वेगळं आहे. १९८९ च्या रंगराजन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की निदर्शनांची, हिंसेची धमकी आली म्हणून अभिव्यक्ती दाबता येणार नाही. बोलणाऱ्याला संरक्षण देणं हे सरकारचं काम आहे, आणि विरोधी जमाव आवरता येत नाही ही सबब चालत नाही. त्याआधी १९८८ मध्ये दूरदर्शनवर फाळणीची 'तमस' मालिका सुरू असताना तिच्यावर स्थगिती आली होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी मालिका स्वतः बसून पाहिली आणि स्थगिती उठवली, पुढे सर्वोच्च न्यायालयानेही बंदीची मागणी फेटाळली. कसोटी अशी दिली की परिणाम मोजायचा तो समंजस, खंबीर मनाच्या माणसावरचा. ज्याला प्रत्येक वाक्यात संकट दिसतं, त्याच्यावरचा नव्हे.

त्याच वर्षीचं आणखी एक प्रकरण आपल्याच घरातलं, पण ते सांगायला पुरोगामी मित्र फारसे उत्सुक नसतात. 'होनी अनहोनी' नावाची दूरदर्शनची मालिका अंधश्रद्धा पसरवते म्हणून लोकविज्ञान संघटना उच्च न्यायालयात गेली आणि काही भागांवर तात्पुरती मनाईही मिळाली. सर्वोच्च न्यायालयाने ती उठवली. मला ती मालिका आवडली नसती. तरी निकाल बरोबर होता असं माझं मत आहे. प्रेक्षक बिघडेल म्हणून भुताची गोष्ट थांबवण्याचा अधिकार एकदा मान्य केला, की प्रेक्षक दुखावेल म्हणून तुमचा यमराज थांबवणाऱ्याला मी कुठल्या तोंडाने अडवू? उत्तर गोष्टीनेच द्यावं. तुम्ही तेच करताय.

आता तमाशाचा मुद्दा, मला सर्वांत रस असलेला. आपल्या मातीत देवाशी थट्टा नवीन नाही, ती कार्यक्रमपत्रिकेतच असते. गण झाला की गवळण. कृष्ण वाट अडवतो, पेंद्या बोबडं बोलतो, आणि मिशी काढून लुगडं नेसलेली मावशी साक्षात देवाची हजेरी घेते. काळू-बाळूंच्या कवलापूरपासून जिल्ह्याच्या टोकापर्यंत जत्रेतल्या ज्या माणसाने मावशीच्या तोंडून कृष्णाची फजिती ऐकून टाळ्या पिटल्या, तोच सकाळी काकडआरतीला हजर. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत सीतास्वयंवर उभं केलं, तेव्हाही गणपती-सरस्वतीच्या बरोबरीने रंगमंचावर विदूषक होताच. याच मातीतल्या वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांनी तर लोकनाट्याच्या गणातून गणपती बाजूला करून मायभूमीला आणि शिवरायांना वंदन आणलं.

मग पडद्यावर काय बिघडतं? तंबूतला प्रेक्षक तिकीट काढून, काय ऐकायला मिळणार हे माहीत असूनच बसतो. गण-गवळण हा प्रकारच त्याला सांगतो की आता थट्टा आहे. टीव्ही न बोलावता माजघरात येतो, आजी पोथी वाचत असते. हा फरक जुना आहे आणि त्यात तथ्य आहे. नवीन फरक जास्त घातक: आता कुणी कार्यक्रम पाहतच नाही, कात्रण पाहतो. वीस मिनिटांतले पंधरा सेकंद व्हॉट्सअॅपवर निघतात. त्यात भगवी कफनी घातलेला माणूस रेड्यापुढे लोटांगण घालताना दिसतो, तो अंगारा विकणारा भामटा आहे हे दिसत नाही. न्यायालय कलाकृती संपूर्ण पाहायला सांगतं, पण ग्रुपवरचा माणूस थोडाच संपूर्ण पाहणार?

नाटकही सुरक्षित आहे असं समजू नका. २००८ मध्ये 'आम्ही पाचपुते' या महाभारताच्या विडंबनावरून ठाण्याच्या गडकरी रंगायतनमध्ये स्फोट झाला, माणसं जखमी झाली. त्याच्या काही दिवस आधी वाशीच्या नाट्यगृहात बॉम्ब सापडला होता. त्या नाट्यगृहाचं नाव विष्णुदास भावे नाट्यगृह. परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र अशा वेळी कामाला येत नाही. आणि साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर तर थट्टासुद्धा जपून करायचे. देवाधर्माला आमचा विरोध नाही, शोषणाला आहे, हे ते प्रत्येक भाषणात सांगत. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या. जपून बोललं की धोका टळतो असं मी तुम्हाला म्हणूनच सांगणार नाही.

"दुसऱ्या धर्मावर करून दाखवा" हे तुम्हाला हमखास ऐकवलं जाईल. या टोमण्यातला खरा भाग मान्य करावा. अमेरिकेतल्या 'साउथ पार्क' या व्यंगचित्र मालिकेने २००१ मध्ये प्रेषित मुहम्मदांना सरळ पडद्यावर दाखवलं, कुणी हूं की चूं केलं नाही. मधे डेन्मार्कमध्ये छापलेल्या प्रेषितांवरच्या व्यंगचित्रांचं प्रकरण घडलं. एप्रिल २०१० मध्ये त्याच मालिकेने तसा भाग केला तेव्हा धमकी आली, आणि वाहिनीने प्रेषितांचं नावसुद्धा आवाज टाकून पुसलं. भीतीवरचं शेवटचं भाषणही पुसलं. सरकारचा त्यात काही संबंध नव्हता, वाहिनीने आपणहून केलं. यातून सर्व धर्मांतल्या आक्रमक मंडळींनी एकच धडा घेतला, की धमकी चालते. तेव्हा तुमच्या प्रहसनातला उरुसवाला बाबा काढू नका. दोघे धंद्यात भागीदार आहेत ही तुमची कल्पना म्हणजे सबंध प्रहसनातली उत्तम जागा आहे. एकाला काढलंत तर उरलेला विनोद एका समाजावरचा होईल आणि मग कार्यक्रम संहितेचा नियम खरोखर आड येईल.

तुमच्या प्रहसनाची संहिता मी वाचली. यमराज ठेवा. पौराणिक यम-चित्रगुप्त वगनाट्यापासून सिनेमापर्यंत विनोदात इतके रुळलेत की त्यात दुष्ट हेतू सिद्ध करणं कुणालाही जड जाईल. भगव्या कफनीबद्दल मात्र माझं मत मालकांच्या जवळ जातं, कारण वेगळं. भगवा रंग वारकऱ्याच्या पताकेचा आहे, साधूचा आहे. तुमचा निशाणा बुवा आहे. त्याला जरीचा कुर्ता, बोटांत पाच अंगठ्या आणि पायात भारी बूट द्या, विनोद वाढेल. ही माघार वाटत असेल तर कफनी ठेवा, पण मग पंधरा सेकंदांच्या कोणत्याही तुकड्यात अंगाऱ्याच्या पुडीवरची किंमत दिसत राहील अशी मांडणी करा. 'गारपीट स्पेशल, दर एकरी' हा फलक तुम्ही एकाच दृश्यात लावलाय. तो बुवाच्या पाठीमागे कायम असू द्या. कात्रण करणाऱ्याला तो कापता येणार नाही.

देवीच्या अंगात येण्यावरचा चित्रगुप्ताचा संवाद मी काढला असता. कायद्यासाठी नव्हे. तिथे तुम्ही ज्या बाईला हसताय ती बुवाची गिऱ्हाईक आहे, तीच फसलेली आहे. बाकी सर्व संवाद वरच्याला टोचतात, हा एकच खालच्याला. तुमचा बुवा जे जे करतो त्यातलं बरंचसं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या परिशिष्टात गुन्हा म्हणून लिहिलेलं आहे, चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणं, पैसे उकळणं. हे शेवटच्या पाटीवर एका ओळीत घाला. ठाण्यात चौकशी झाली तर विधिमंडळाने जे गुन्हा ठरवलं त्याचीच आम्ही थट्टा केली, हे सांगणं सोपं जातं. (तुकोबांचे अभंग घेऊन ठाण्यात जाऊ नका. वकिलांना तो मोह फार होतो. समोरच्याला संहिता आणि चित्रफीत हवी असते.)

मालकांशी भांडू नका. त्यांचा परवाना, त्यांची यंत्रसामग्री पणाला लागते. केबल कायद्याच्या कलम ११ खाली जप्ती होऊ शकते, ही भीती खोटी नाही. पण २०२३ च्या जनविश्वास कायद्याने कार्यक्रम संहिता मोडल्याबद्दल असलेली कैद काढून टाकली, हे त्यांना सांगा, बहुतेकांना अजून माहीत नसतं. तुमच्या ग्रुपने संहितेच्या प्रत्येक पानावर सही करून मजकुराची जबाबदारी आमची असं पत्र त्यांना द्यावं. त्याने त्यांची कायदेशीर जबाबदारी संपत नाही, पण फोनवर सांगायला त्यांना काहीतरी मिळतं. प्रक्षेपण रात्री उशिरा ठेवा, आधी पाटी लावा, आणि प्रक्षेपित झालेली मूळ प्रत ग्रुपनेही जपून ठेवा. कात्रण फिरलं तर तुमच्याकडे संपूर्ण चीज हवी.

त्यांनी तरीही नकार दिला तर तो त्यांचा हक्क आहे. खाजगी चॅनेलवर आपला कार्यक्रम दाखवाच असं न्यायालयातून मागता येत नाही. यूट्यूबवर टाका म्हणाल, तर तिथे केबलचा कायदा आणि त्याची संहिता लागत नाही, प्रांतांचा आदेशही लागत नाही. कलम २९९ मात्र लागतं, त्यात इलेक्ट्रॉनिक माध्यम स्पष्ट लिहिलंय, आणि तिथे मधे मालक नसल्याने फिर्यादीत पहिलं नाव तुमचं येईल. टाकण्याआधी ग्रुपमधल्या नोकरदारांना आणि त्यांच्या घरच्यांना विचारा, विशेषतः बुवाचं काम करणाऱ्याला. किकू शारदाच्या वेळी अटक नटाला झाली होती. तो तयार असेल तर दुरुस्त संहिता पाठवा, मी परत वाचून देईन. फलकाचा फोटोही जोडा, 'दर एकरी'च्या पुढे आकडा किती घातलाय तो पाहायचाय मला.